आरक्षणावर गावात बैठक घ्यायची तर

मराठा आणि ओबीसी मंडळींना एकत्र बसवायचं, तर आधी जागा बघा. देऊळ नको, समाजमंदिर नको, पुढाऱ्याची ओसरी तर नकोच. जिल्हा परिषद शाळेचा वर्ग बरा. जत असो वा कराड, वेळ डेअरीला दूध घालून झाल्यावरचीच ठेवा. नाहीतर बायका येत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर मात्र हा उद्योग करू नये.

दोन्हीकडचे सहा-सहा जण पुरेत. आठवडाभर आधी त्यांना वेगवेगळं भेटून कुठला शब्द झोंबतो ते विचारून घ्या.

मोबाईल दाराशी पाटीत. खरा घोळ इथेच होतो: वीस सेकंदांची क्लिप ग्रुपवर पडते आणि बोलणाऱ्याला सकाळी पारावर जाब द्यावा लागतो.

सुरुवातीला एक पान मोठ्याने वाचा. १९९२ चा सर्वोच्च न्यायालयाचा इंद्रा साहनी निकाल आणि आरक्षणावर ५० टक्क्यांची मर्यादा. २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती, आर्थिक दुर्बलांना १० टक्के. २०२१ ची १०५ वी, राज्याला आपली मागास यादी ठरवायचा अधिकार. बरीच भांडणं ऐकीव आकड्यांवरचीच असतात.

मग प्रत्येकाला तीन मिनिटं. उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं: “दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून पोरीची ॲडमिशन गेली, असंच ना दादा?” ते “होय” म्हणाले की मगच पुढे. “तुम्ही लोक” ऐकू आलं की तिथेच थांबवा. आवाज चढलाच तर चहा फिरवा, वेळ मोजू नका.