चाळीसगावात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

बदली, नोकरी, लग्न, निमित्त कोणतंही असो. चाळीसगावला येत असाल तर घर बघण्याआधी दक्षिणेकडचा डोंगर बघून घ्या. सातमाळ-अजिंठ्याची ही रांग गावापासून जवळ आहे आणि इथल्या राहणीमानाचं बरंचसं तीच ठरवते. मी सांगलीकडून आलो आणि इथलाच झालो, त्या हक्कानं सांगतो.

तितूर आणि डोंगरी या दोन नद्या गावातून जातात. वर्षातले बरेच महिने त्या इतक्या किरकोळ दिसतात की नदीकाठचं स्वस्त भाडं मोहात पाडतं. पण डोंगरावर जोराचा पाऊस झाला की पाणी फार वेळ देत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पुरात बाजारपेठेत, घरांत, गोठ्यांत पाणी शिरलं, खूप जनावरं वाहून गेली आणि त्याच दिवशी संभाजीनगरकडे जाणाऱ्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्यामुळे घर बघताना शेजाऱ्यांना दोनच गोष्टी विचारा: त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि नळ किती दिवसांनी येतो. घरमालकापेक्षा शेजारी खरं सांगतात. कडुनिंबाच्या सावलीतलं घर मिळालं तर भाडं थोडं जास्त द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ते पैसे वसूल होतात.

हे गाव वाढलं ते रेल्वे आणि कापसामुळे. मुंबई-भुसावळ मार्गावरचं हे जंक्शन, १९०० साली इथून धुळ्याला फाटा निघाला. मुंबईला जायचं तर रेल्वेच सोयीची. मोठ्या दुखण्याला लोक धुळे नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. संभाजीनगरला घाटातून जावं लागतं, म्हणून पावसाळ्यात रस्ता चालू आहे का हे आधी विचारून मगच निघा.

स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. ते आता कलादालन म्हणून जपलं आहे. इंग्लंडहून परतल्यावर १९८९ मध्ये निधन होईपर्यंत या माणसानं घराबाहेर क्वचितच पाऊल टाकलं, आणि चार भिंतींत राहून टेबलावर मांडलेल्या वस्तूंची अशी छायाचित्रं काढली की खरा निसर्ग वाटावा. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेतो.

मग पाटणादेवी. गावापासून अठरा-एक किलोमीटर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत. चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर, पावसाळ्यात धवलतीर्थ आणि केदारकुंडाचे धबधबे, आसपास अंजन, पळस आणि सीताफळाचं रान. इथल्या सन १२०७ च्या शिलालेखात गणितज्ञ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. या डोंगराच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवलं जात होतं! मुलांना तिथे नेऊन हे जरूर सांगा. अभयारण्य आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा आणि प्लास्टिक मागे ठेवू नका.

बोलणं अहिराणीत, म्हणजे खानदेशी बोलीत चालतं. ‘काय करी ऱ्हायना भाऊ?’ असं कुणी विचारलं तर उत्तर मराठीत दिलं तरी चालतं, पण थांबून द्या. थंडीत शेतावर भरीत खायला बोलावलं तर नाही म्हणू नका. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, पातीचा कांदा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हे घरच्या गॅसवर जमत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते. त्या वेळचे रोट, म्हणजे देवीचा गव्हाचा नैवेद्य, भाऊबंदकीतच खायचे असतात, त्यामुळे एरवी जीव लावणाऱ्या शेजाऱ्यानं त्या जेवणाला बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. दर्शनाला मात्र नक्की जा. सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघाली की बायका तुमच्या घरातल्यांनाही हाताला धरून फुगडीला ओढतील.