दूध उकळलं म्हणजे झालं? कोठ्यातल्या या चुका टाळा

दूध तापवून प्यायचं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. टीबी आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा एक तापाचा रोग) यांचे जंतू नीट उकळी आली की मरतात. पण काही गोष्टी उकळीला दाद देत नाहीत, आणि त्या दुधात शिरतात आपल्याच हातानं.

सगळ्यात मोठी चूक ढेपेची, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीची. कापसाचा मुलूख, त्यामुळे सरकीची ढेप घरोघरी. उन्हाळ्यात घेतलेली पोती भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचायची, आणि श्रावणात खालचं पोतं फोडलं की आत हिरवट-पिवळी बुरशी, कुबट वास. मग "ढोरालेच त द्याची हाय" म्हणून बुरशी झटकायची, ऊन दाखवायचं आणि भिजत घालायची. उन्हानं वास जातो, विष जात नाही. या बुरशीच्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. 1960 मध्ये इंग्लंडात बुरशीची शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे 1 लाख टर्की मेल्या, तेव्हा ते ओळखलं गेलं. गाईच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि दिवसभरातच ते दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा थोडाच भाग दुधात येतो, पण आपल्याकडची मर्यादाही लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. देशभरच्या 2018 च्या दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 368 नमुने या मर्यादेबाहेर गेले. भेसळीमुळे धोकादायक निघाले फक्त 12. आपण मात्र पाणी आणि युरियावरच भांडत बसतो.

हे विष दुधातल्या प्रथिनाला चिकटून राहतं, म्हणून पनीर केलं तर उलट दाट होतं. उपाय साधा आहे: पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढीच ढेप घ्या. बुरशी दिसली तर ते पोतं फेका. पैसे जातात, जीवावर येतं, पण दुसरा मार्ग नाही. चांगली ढेप सुरू केली की काही दिवसांत दूध निवळतं. कुटार (भुसा) भिजलं असेल तर त्यालाही हाच नियम.

आता विरजण. दही लागत नाही, दूध तसंच पाणचट राहतं, आणि दोष विरजणाला किंवा थंडीला दिला जातो. आधी आठवा, कासदाह झाला म्हणून सडात ट्यूब सोडली होती का? अँटिबायोटिक दुधात असेल तर दही लावणारे जंतूच वाढत नाहीत. उकळूनही ते पूर्ण जात नाही. "एकाच सडात सोडली, बाकी तीन सडांचं चालते" हा समज चुकीचा; औषध रक्तातून इतर सडांतही उतरतं. ट्यूबवर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेलं असतं, डॉक्टरांनाही विचारा. तेवढे दिवस डेअरीलाही घालू नका. तिथलं मशीन फक्त फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनभाग) मोजतं, त्यावर हे दिसत नाही.

गाय गाभडली (गर्भपात झाला) तर उघड्या हातानं जार (वार) ओढू नका. गाभडण्यामागं ब्रुसेलोसिस असू शकतो, आणि दूध कितीही उकळा, तो हातावरच्या खरचटीतूनही शिरतो. मग येता-जाता ताप, रात्री घाम, सांधे धरलेले. हातमोजे घाला, जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदाच त्याची लस मिळते, सरकारी मोहिमेत फुकट.

राहिलं ए-टू दूध. ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार; देशी गाईचं दूध ए-टू म्हणून महाग विकलं जातं. गवळाऊ ही देशी गाय पाळा, उन्हाला ती टिकते. पण ए-वन दुधानं रोग होतात, हे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेला 2009 च्या आढाव्यात सिद्ध झालेलं दिसलं नाही. दुप्पट भाव मागण्याआधी ढेपेचं पोतं फोडून बघा.