कान मोकळे ठेवणारे हेडफोन कसे निवडावे, कसे वापरावे

रस्त्याच्या कडेने फिरायला किंवा धावायला जाताना कानात घट्ट बसणारे इअरबड्स घरीच ठेवा. मागून येणाऱ्या गाडीची चाहूल लागायलाच हवी. बोन कंडक्शन हेडफोन कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. कंपनं हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात आणि कानाचं भोक उघडं राहतं.

खरेदी करताना जपून. खोक्यावर ‘बोन कंडक्शन’ लिहिलेल्या काही स्वस्त हेडफोनमध्ये कानाजवळ टेकवलेला साधा स्पीकरच असतो. दुकानातच गाणं लावा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. आवाज एकदम दबला, तर तो हवेतून येत होता. उलट आणखी भरीव, खर्जातला वाटला, तर माल खरा. स्पीकरवालाही टाकाऊ नाही, गाणी त्यावर बरीही वाजतील. पण मग किंमत त्याचीच मोजा. घाम येणार असेल तर आयपी५५ किंवा आयपी६७ दर्जा (धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा) बघून घ्या.

घालताना पट्टी मानेच्या मागून येऊ द्या आणि टोकं कानाच्या पाळीवर नाही, कानासमोरच्या हाडावर टेकवा. चष्मा असेल तर आधी हेडफोन, मग चष्मा. टोचलं तर उलट क्रमाने घालून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. तो घरातल्या शांततेत ठरवा. घरच्या कुणाला तरी मागे चार पावलांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. शब्द कळेपर्यंत आवाज कमी करत जा. वर्दळीत गाणं बुडालं तर वाढवू नका, थांबवा. कंपनं हाडातून आली तरी पोचतात त्याच नाजूक आतल्या कानात, त्यामुळे मोठ्या आवाजाने इजा इथेही होते. गालाला गुदगुल्या व्हायला लागल्या, की आवाज जास्त झाला असं समजा. लोकलच्या खडखडाटात हे हेडफोन मुळीच पुरत नाहीत. रूळ ओलांडताना तर काढूनच ठेवा. ढोल-ताशापेक्षा बातम्या, मुलाखती, कथाकथन यांवर छान ऐकू येतात.

पोहायचं असेल तर ब्लूटूथवर विसंबू नका, पाण्याखाली ते चालत नाही. गाणी स्वतःत साठवणारं, पोहण्यासाठीच बनवलेलं मॉडेल घ्या. घरी आल्यावर घाम पुसा, आणि चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्यावरच केबल लावा.