कॅमेरा, वही आणि दोन रकाने

तत्त्वज्ञान कळावं म्हणून कॅमेरा घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. पण कॅमेरा (फोनचाही चालतो) आधीच हाताशी असेल आणि थोडं वाचायची तयारी असेल, तर दोन्ही एकमेकांच्या उपयोगी पडतात. माझ्या बाबतीत त्यांना जोडलं एका साध्या वहीनं.

पद्धत अशी. काढलेल्यातला एक फोटो निवडायचा आणि वहीत दोन रकाने आखायचे. डावीकडे चौकटीत दिसतं तेवढंच लिहायचं, उजवीकडे आपण त्याबद्दल जे म्हणतो ते. ‘आजोबा बाकावर बसलेत, नजर खाली, मांडीवर पिशवी’ हे डावीकडे. ‘एकटे पडलेत बिचारे’ हे उजवीकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण उजवा रकाना सारखा डाव्यात घुसतो. ‘उदास प्रकाश’ हे शब्द तर हमखास डावीकडे येतात. प्रकाश उदास कसा असेल? तो कमी असतो, मऊ असतो, बाजूने येतो. उदास आपण असतो.

गुलामगिरीतून सुटलेला, प्राचीन ग्रीक-रोमन जगातल्या स्टोइक पंथाचा विचारवंत एपिक्टेटस नेमकं हेच शिकवायचा: माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांविषयीची त्याची मतं देतात. हे वाक्य वाचायला क्षण पुरतो आणि पटतंही लगेच. अंगवळणी मात्र पडत नाही, त्याला सराव लागतो, आणि फोटोंवर तो बिनधोक करता येतो कारण तिथे आपलं काही पणाला लागलेलं नसतं. पुढे हेच रकाने इतरत्र आपोआप पडायला लागले. ‘साहेबांनी दोन शब्दांत उत्तर दिलं’ डावीकडे, ‘माझ्यावर नाराज आहेत’ उजवीकडे. साहेब कदाचित खरंच नाराज असतील. पण तेव्हा निदान विचारता तरी येतं.

दुसरा सराव पायांचा. एकच फोकल लेंथ (लेन्स किती भाग टिपते ते सांगणारा आकडा) ठरवा, ३५ किंवा ५० मिलिमीटर, आणि झूमला हात लावू नका, जवळ-लांब चालतच जा. पुष्कळांना वाटतं की जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं ते वाइड, म्हणजे जास्त भाग टिपणाऱ्या, लेन्समुळे. खरं तर ते कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ गेल्यामुळे दिसतं. वस्तूंची एकमेकांशी असलेली प्रमाणं आपण कुठे उभे आहोत यावर ठरतात, लेन्स फक्त किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. जैन दर्शनातला अनेकांतवाद मला पुस्तकापेक्षा इथे जास्त कळला. वस्तूला अनेक अंगं असतात आणि कुठलंही विधान एका विशिष्ट बाजूनं केलेलं असतं. एकाच झाडाभोवती फिरून फोटो काढा. सगळे खरे असतात, पूर्ण एकही नसतो. (वादाच्या वेळी हे आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.)

वाचनाची सुरुवात जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्लपासून करू नका. निवाडा बाजूला ठेवून अनुभवाकडे पाहण्याचा त्याचा विचार फोटो काढणाऱ्याच्या कामाचा आहे, पण भाषा जड. एपिक्टेटसच्या शिकवणीचं छोटंसं पुस्तक ‘एन्खेरिडिऑन’ पुरे. नंतर फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांचं फोटोग्राफीवरचं १९८० सालचं पुस्तक (इंग्रजीत ‘कॅमेरा लुसिडा’) घ्या. त्यात ते आईच्या लहानपणीच्या एका फोटोबद्दल भरभरून लिहितात, पण तो फोटो छापत नाहीत. इतरांना तो साधाच वाटेल, असं त्यांचं म्हणणं. आपले लाडके फोटो लोकांना दाखवून दाद न मिळाल्यानं हिरमुसणाऱ्या नवख्यांनी ते प्रकरण जरूर वाचावं.

आणि फोटो काढल्या काढल्या निवडायला बसू नका. त्या वेळची मनःस्थिती फोटोला चिकटलेली असते आणि उजवा रकाना भरभरून वाहतो. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड याच कारणासाठी फिल्म मुद्दाम उशिरा धुवायचे. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचे राहिले होते. इतकं लांबवायची गरज नाही, महिनाभर थांबलं तरी पुरतं.