पट्टा चिरकतोय? आधी पाणी मारून बघा

शिरपूरहून केळी भरून निघालेली गाडी बिजासन घाट चढताना पुढून चीं-चीं करते, टेम्परेचरचा काटा वर सरकतो आणि ड्रायव्हर रेडिएटरला शिव्या घालतो. भाऊ, आधी फॅनबेल्ट बघा, म्हणजे इंजिनच्या जोरावर पंखा, वॉटरपंप, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. तो घसरला की इंजिन तापतं.

गळ्यातला गमछा काढा, बाह्या वर करा. इंजिन स्लोवर ठेवून रेघांच्या पट्ट्यावर (आतून लांबीभर रेघा असलेला चपटा पट्टा), रेघांच्या बाजूने, लांबूनच बाटलीने पाण्याचे शिंतोडे मारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या (पट्टा ज्यावर फिरतो ती चाकं) एका रेषेत नाहीत. तिथे ताण वाढवला की बेअरिंगच जायचं.

आता इंजिन बंद. जुन्या व्ही-पट्ट्याचं (खाली निमुळता, इंग्रजी V सारखा) दुखणं पुलीच्या खाचेत दिसतं. हा पट्टा कडांनी पकडतो, बुडाने नाही. खाचेचा तळ घासलेल्या ताटासारखा चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली बसलाय, कितीही ताणा, घसरणारच. कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तरी बदलाच. पट्टा काढलाच आहे तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटरपंप हाताने फिरवून बघा. एखादा जाम असला तर नवा पट्टाही जळेल.

पट्ट्याला साबण, राळ लावणारे भेटतात. आमच्याकडच्या मेच्या धुळीत त्याची दोन दिवसांत लापशी होते.

पिकअप कमी झाली म्हणून मात्र पट्ट्याला दोष देऊ नका. इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन प्रकार: सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, आपल्या गाड्यांचा टर्बो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर.