एकट्याच्या ताटासाठी स्मोकर: खटका दाबण्याआधीची तयारी

विजेवर चालणारा, बाजूच्या छोट्या डब्यात लाकडाचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या) जाळून धूर देणारा आणि त्याच पोटात एअर फ्रायरचंही काम करणारा ग्रिल. एकट्या माणसाने असं धूड घेतलं की पहिला प्रश्न पडतो, एका तंगडीसाठी हे पेटवायचं का? प्रश्न रास्त आहे, कारण एका तंगडीला जेवढे पेलेट लागतात तेवढेच चौघांच्या जेवणाला लागतात. म्हणून चौघांच्या कृतीला चारने भागत बसू नये. एका धुरात आजचं ताट, उद्याचं भरीत आणि दोन-तीन दिवसांची चटणी बसवावी आणि तयारी त्याच हिशेबाने करावी.

आधी वीज बघा. गच्चीवरचा प्लग बहुतेक घरांत ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. असा ग्रिल सतराशे ते चोवीसशे वॉट ओढतो. जाड पिनचा १६ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खरंखुरं अर्थिंग हवं; वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतली तर उत्तम. एक्स्टेंशन वापरायचीच वेळ आली तर तीही तेवढ्याच जाडीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि तिचं आवरण वितळतं. अमेरिकेतून कुणी यंत्र आणून दिलं असेल तर मागची पट्टी वाचा. ११०-१२० व्होल्टचं असेल तर तीन केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. फोन चार्जिंगचा कन्व्हर्टर इथे कामाचा नाही.

जागा उघडीच हवी. काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी चालणार नाही, कारण जळत्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. भिंतीपासून दीड फूट, प्लॅस्टिकच्या टाकीपासून आणखी लांब. यंत्राची पाठ वाऱ्याकडे करा, नाहीतर पेलेट भराभरा जळतात आणि अर्ध्यातच धूर संपतो. शेजारच्या दोरीवरचे कपडेही बघून घ्या. धुराचा वास दोन धुण्यांत निघत नाही. पावसाळ्यात कोल्हापुरात सर कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून जून ते सप्टेंबर हा कार्यक्रम पत्र्याच्या शेडखालीच करावा, तोही बाजू मोकळ्या असतील तरच. छत्री धरून ग्रिल चालवणं हा शौर्याचा प्रकार नव्हे.

पेलेट खाण्याच्या कामाचेच घ्या. सुताराकडचा भुसा आणि तुकडे फुकट मिळाले तरी नकोत. प्लायवुडचा गोंद आणि पॉलिश त्यातच असतं. देवदार, नीलगिरीसारखं राळेचं किंवा तेलाचं लाकडही बाद. कोळसा तर या डब्यात घालायचाच नाही. पेलेट कोरडा आहे का हे बोटांनी कळतं: मोडताना कट्‌कन आवाज आला आणि वरून चकाकी असली तर चांगला, चुरगळून भुसा झाला तर ओल धरलेली आहे. ओला पेलेट पेटत नाही, नुसता धुमसतो आणि दाट पांढरा, कडवट धूर देतो. सुरुवातीची पाच-सात मिनिटं पांढरा धूर येणारच, पुढे तो पातळ, निळसर व्हायला हवा. म्हणून पिशवी फोडली की माल लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. पेलेट पाण्यात भिजवायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, त्यांचा लगदा होतो. एका वेळेला अर्धी ते पाऊण वाटी, डब्याच्या काठापर्यंत. साधारण पाऊण ते एक तास धूर मिळतो.

आता बाजार. मांडी जोडलेली ब्रॉयलरची एक तंगडी, अडीचशे ते तीनशे ग्रॅमची. जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी या कामाला नको, ती रश्शाचीच. कोरड्या उष्णतेत तिचं चामडं होतं. बरोबर पाव किलोचं एक वांगं, दोन टोमॅटो, एक लसणाचा गड्डा, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी.

मुरवायचं आदल्या रात्री किंवा निदान चार तास आधी. तंगडीला हाडापर्यंत तीन चिरा द्या. मीठ वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमला साडेतीन ग्रॅम. त्यात चमचाभर आलं-लसूण, पाव चमचा हळद, मोठा चमचाभर घट्ट दही, अर्धं लिंबू. कांदा-लसूण मसाला आत्ता घालू नका. त्यातली मिरची, खोबरं आणि तळलेला कांदा २०० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटं टिकत नाहीत, काळे पडून कडू होतात. एक चमचा मसाला एक चमचा तेलात कालवून वाटीत वेगळा ठेवा. शेवटच्या चार मिनिटांत ब्रशने लावायचा. गुळाचं पाणी लावायची हौस असेल तर तेही तेव्हाच.

पेटवण्याआधी सगळं हाताशी हवं: लांब चिमटा, अणकुचीदार थर्मामीटर, ब्रश, कच्च्यासाठी एक आणि शिजलेल्यासाठी वेगळी अशा दोन थाळ्या, उष्णता झेलणारे हातमोजे. तेल गळायचा ट्रे जागेवर आहे ना, तेही वाकून बघा. वांग्याला देठ ठेवून चार चिरा द्या. अख्ख्या वांग्याची साल धूर आत जाऊ देत नाही आणि चिरा दिल्या नाहीत तर वांगं फुटतं. टोमॅटो अर्धे करा. लसूण आणि मिरच्या स्टीलच्या वाटीत थोड्या तेलात घाला, नाहीतर जाळीतून खाली जातात. तंगडीवर साचलेलं दही निपटून काढा. ओलसर असावी, ठिबकणारी नसावी.

मांडणी अशी: तंगडी मधोमध, कातडी वर, बाजूला वांगं, वाट्या आणि खोबरं. १२० अंशांवर ४५ मिनिटं धूर. झाकण उघडून बघायचा मोह आवरा, दर वेळी उष्णता आणि धूर दोन्ही जातात. अर्ध्या तासाने एकदाच उघडून खोबरं आणि लसूण काढून घ्या. हे खोबरं रश्शाच्या वाटणाला वापरा. तांबड्याला ते शोभतं, पांढऱ्याला मात्र लावू नका, नारळाच्या दुधाची सगळी नजाकत धुरात जाते.

मग एअर फ्राय, २०० अंश, दहा ते बारा मिनिटं. इथे वजनापेक्षा जाडी महत्त्वाची: एक तंगडी काय आणि तीन काय, जाडी सारखी तर वेळेत फारसा फरक पडत नाही. फक्त मोकळ्या जाळीत वारा जास्त खेळतो आणि कातडी लवकर करपते, म्हणून आठव्या मिनिटाला बघा, मसाला लावा आणि थर्मामीटर हाडाला न टेकवता मांडीच्या जाड भागात खुपसा. ७४ अंशांच्या आत काढायची नाही. मांडीचं मांस ८०-८२ ला जास्त सुटसुटीत होतं. पापड, कढीपत्ता, सुटा बटर पेपर आत ठेवू नका, पंख्याच्या झोताने उडून कॉइलला चिकटतात आणि जळतात. या बारा मिनिटांत खाली तव्यावर दोन भाकऱ्या होतात. वांगं बोटाने दाबून मऊ लागलं नाही तर तंगडी काढल्यावर आणखी सहा-सात मिनिटं राहू द्या.

मटणाचा बेत असेल तर क्रम उलटा. आपल्याकडचं बोकडाचं मटण कमी चरबीचं. पाव किलोचे तुकडे नुसत्या धुरावर शिजवायला गेलात तर मऊ व्हायच्या आधीच वाळतात. हळद, मीठ, आलं-लसूण घालून कुकरला अळणी, म्हणजे बिनतिखट, शिजवून घ्या, पाणी रश्शाला बाजूला काढा, तुकडे निथळून २० मिनिटं धुरात आणि चार मिनिटं मसाला लावून एअर फ्रायला. पाव किलोत सुकं आणि वाटीभर रस्सा, दोन्ही.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवायचं. गरम करायला १६० अंश, पाच-सहा मिनिटं, वरून पाण्याचा हलका हबका मारून. वांगं सोलून डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी कच्चा कांदा आणि दाण्याचं कूट घातलं की भरीत तयार. टोमॅटो, लसूण, मिरच्या मीठ घालून खलबत्त्यात ठेचा, की चटणी झाली.

प्लग काढून यंत्र पूर्ण गार झाल्याशिवाय राखेला हात लावू नका. वरून विझलेली दिसली तरी आत निखारा असतो. ती पत्र्याच्या डब्यातच टाका, प्लॅस्टिकच्या बादलीत नको. ट्रेमधलं तेल त्याच दिवशी पुसा, साचलं की पुढच्या वेळी पेट घेतं आणि मुंग्याही येतात. जाळीला तारेची घासणी नको, गरम पाणी आणि काथ्या पुरे. कव्हर गार झाल्यावरच घाला, नाहीतर आत वाफ धरते आणि पेलेटच्या डब्याला गंज चढतो.