नाचणी-गुळाच्या कुकीज फसतात कुठे? या चुका टाळा

माझ्या पहिल्या नाचणी कुकीज सासूबाईंनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ल्या. ट्रेवरून उचलायला जावं तर हातात नुसता भुगा! "लाडू वळून टाक, वाया कशाला घालवतेस," म्हणाल्या. वळले.

नाचणीत ग्लुटेन नसतं. मैदा काढून तेवढीच नाचणी घातली की मिश्रण धरून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून दोन वाट्या नाचणीला एक वाटी कणीक घ्या. गहू चालत नसेल तर एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, तो चिकट गर पीठ बांधून धरतो. जवस अख्खे टाकले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात.

पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, नाहीतर मातकट चव राहते. भाजून झालं की पूर्ण गार होऊ द्या. इथेच घाई होते. कोमट पिठात तूप वितळतं आणि ओव्हनमध्ये कुकी पसरून पापडासारखी होते. तूप थिजलेलं, रवाळ हवं आणि नानकटाईला फेटतो तसं पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत फेटायचं.

कृती बटरची असेल तर तेवढंच तूप घालू नका. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. त्यामुळे 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम तूप पुरतं, ओलावा दुधाने भरून काढायचा. दूध मात्र चमच्याचमच्याने. नाचणी सावकाश शोषते, म्हणून गोळा पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मगच आणखी दूध हवं का ते बघा.

गूळ किसून, चाळून घ्या. खडे राहिले तर ते वितळून ट्रेला चिकटतात. आणि "साखर नाही हो यात" म्हणत मधुमेह असलेल्या माणसापुढे डबा सरकवू नका! गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे खरं, पण त्याने गुळाचा हिशेब मिटत नाही.

सोडा वाटीभर पिठाला पाव छोटा चमचा, बास. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. सूर्यफुलाच्या बिया घातल्यात आणि दुसऱ्या दिवशी कुकी आतून हिरवी दिसली तर घाबरू नका, ती बुरशी नव्हे. बियांमधल्या क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी प्रक्रिया होऊन तो रंग येतो. सोडा कमी करा.

नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजणी कळत नाही, आणि गूळ करपतोही लवकर. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून 160 अंशांवर 15 ते 18 मिनिटं ठेवा. कडा घट्ट आणि मधे बोट लावल्यावर किंचित मऊ लागलं की काढा. कच्च्या वाटल्या तरी पुन्हा आत ढकलू नका, ट्रेवरच दहा मिनिटांत घट्ट होतात.

पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो आणि कुकीज सादळतात. 150 अंशांवर पाच मिनिटं परत गरम करा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.